दोष उताराचा नव्हे, झिजलेल्या स्टिकचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या कन्सोलवरच्या खेळांबद्दल आपल्या पुरवणीत अधूनमधून मजकूर येतो. त्यात स्नोबोर्डिंगचा विषय निघाला की गाडी ‘एसएसएक्स’पाशी जाऊन थांबते, फार तर ‘कूल बोर्डर्स’ला हात लावते. निन्टेन्डो ६४ वरच्या ‘१०८०° स्नोबोर्डिंग’च्या वाट्याला आलेच तर एक वाक्य येते : दिसायला छान, पण ताठर आणि अवघड. हे मत बहुतेक वेळा एखादा जुना कंट्रोलर हातात घेऊन अर्धा तास खेळलेल्या माणसाचे असते. आमचे म्हणणे एवढेच, की त्या अर्ध्या तासात जो ताठरपणा जाणवतो त्यातला निम्मा खेळाचा नसतोच. तो कंट्रोलरवरच्या, अंगठ्याने फिरवायच्या झिजलेल्या स्टिकचा आणि चित्र उशिरा दाखवणाऱ्या पडद्याचा असतो. उरलेला निम्मा मात्र खेळाचाच, आणि तो काढून टाकला तर या खेळात पाहण्यासारखे फारसे काही राहणार नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. खेळ जपानमध्ये २८ फेब्रुवारी १९९८ रोजी आला. त्याच महिन्यात ७ ते २२ तारखांना नागानोला हिवाळी ऑलिंपिक झाले आणि स्नोबोर्डिंगला तिथे पहिल्यांदाच स्थान मिळाले होते. म्हणजे स्पर्धा आटोपल्यावर सहा दिवसांनी खेळ दुकानात. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. (त्या ऑलिंपिकमधले स्नोबोर्डिंगचे पहिले सुवर्णपदक कॅनडाच्या रॉस रेबॅग्लिआटीला मिळाले, गांजाच्या चाचणीवरून काढून घेतले गेले आणि पुन्हा बहाल झाले. नव्या क्रीडाप्रकाराची ओळख जगाला त्या भानगडीतूनच जास्त झाली.) अमेरिकेत खेळ १ एप्रिल १९९८ला आणि युरोपात त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पोहोचला. निर्माते शिगेरू मियामोतो, प्रोग्रॅमिंग जाइल्स गोडार्ड आणि कॉलिन रीड या दोघा इंग्रजांचे, संगीत केन्ता नागाता यांचे. तेव्हा त्याची उपेक्षा झाली असे मुळीच नाही. अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ इंटरॲक्टिव्ह आर्ट्स अँड सायन्सेसने त्याला कन्सोलवरचा त्या वर्षीचा सर्वोत्तम क्रीडा-खेळ ठरवले होते. विसर पडला तो नंतर. १९९९ला ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’ आला, २०००ला ‘एसएसएक्स’, आणि बोर्डवरच्या खेळांकडून लोकांची अपेक्षाच बदलली : दिशा आणि बटण एकदम दाबले की करामत व्हावी, खाली उतरणे जवळजवळ फुकटात मिळावे, आणि गुणांची बेरीज वाढत राहावी. २००३ साली निन्टेन्डोच्या पुढच्या कन्सोलवर, गेमक्यूबवर, ‘१०८०° ॲव्हलांच’ आला तोही या बदललेल्या हवेत फारसा कुणाच्या नजरेत भरला नाही.

‘१०८०°’मध्ये फुकटात काहीच मिळत नाही. ए बटणाने उडी, बी ने बोर्ड पकडणे म्हणजे ग्रॅब, झेड ने गुडघ्यात वाकणे. एकूण २४ करामती आहेत, सगळ्या खऱ्या स्नोबोर्डिंगमधल्या : काही ग्रॅबच्या, काही गिरक्यांच्या. ग्रॅबसाठी स्टिकची दिशा आणि बी पुरते. गिरकीसाठी स्टिक गोल फिरवणे, आर आणि बी यांची ठरावीक क्रमाने गुंफण करावी लागते. गिरकी जितकी मोठी तितक्या कृती जास्त. ज्या १०८० अंशांवरून खेळाला नाव मिळाले त्या तीन पूर्ण गिरक्यांना तब्बल नऊ कृती लागतात आणि त्या सगळ्या हवेत असतानाच उरकायच्या असतात. म्हणून छोट्या चढावरून उडी मारून १०८० करायला जाणारा दर वेळी तोंडावर आपटतो. त्यात हाताचा दोष नाही, हवेतला वेळच तेवढा नसतो. ही करामत ‘एअर मेक’ या एकाच मोठ्या उडीच्या मैदानावर शिकावी. त्याआधी प्रशिक्षणाच्या भागात १८०, ३६०, ५४० असा क्रम धरावा. १८०, ५४० आणि ९०० या विषम गिरक्यांनंतर मागचा पाय पुढे येतो आणि ३६०, ७२०, १०८० नंतर मूळचाच पाय पुढे राहतो, हे साधे गणित डोक्यात असले की उतरताना आपण कुठे तोंड करून असणार याचा गोंधळ होत नाही.

खरी मेख उतरण्यात आहे. बोर्डची दिशा आणि आपण ज्या दिशेने पुढे जात आहोत ती दिशा यांच्यात फार कोन राहिला की कड बर्फात रुतते आणि स्वार कोलमडतो. त्यामुळे करामत संपवून बोर्ड उताराच्या रेषेत आणायला हवेतला शेवटचा थोडा वेळ राखून ठेवावा लागतो. नवशिक्या खेळाडू तो वेळही गिरकीतच खर्चून टाकतो. टेकण्याच्या क्षणी झेडने गुडघे वाकवायचे, म्हणजे धक्का जिरतो. उंच उडीनंतर ताठ पायांनी उतरलात तर दिशा बरोबर असूनही तोल जातो. आणि उतरण्याची जागा उताराची निवडावी. सपाटीवर किंवा समोरून चढत येणाऱ्या जमिनीवर आदळलेल्या उडीचा सगळा भार अंगावर येतो, खऱ्या बर्फावर येतो तसाच. बरेच जण उडी कुठून मारायची एवढेच पाहतात. ती कुठे संपणार हे आधी पाहायची सवय लागली की अर्धे पडणे तिथेच थांबते.

वळण्याचेही तसेच. स्टिक टोकापर्यंत दाबली की बोर्ड आडवा होतो, बर्फाचा फवारा उडतो, दिसायला झोकदार दिसते, आणि वेग मात्र गळून जातो. ती वळण्याची नव्हे, ब्रेक लावण्याची रीत झाली. वेग राखायचा तर स्टिक अर्धी किंवा त्याहून थोडी जास्त झुकवून बोर्डच्या कडेवर लांब वळण काढावे आणि वळण दिसायच्या आधीच सुरुवात करावी. सरळ उतारावर झेड दाबून वाकले की वेग वाढतो, पण त्या अवस्थेत सतत वळत राहू नये. कान उघडे ठेवावेत. घट्ट बर्फ, भुसभुशीत बर्फ आणि निसरडा बर्फ यांचे आवाज वेगवेगळे आहेत, आणि कड सुटायला लागल्याचे डोळ्यांआधी कानांना कळते. शर्यतीत प्रतिस्पर्धी अंगावर येऊन धडकतो, आपण पडलो की नुकसान दाखवणारा मापक भरत जातो आणि तो पूर्ण भरला की शर्यत संपली. म्हणून पुढे असताना करामती करायच्या नसतात. गुणांसाठी ‘ट्रिक अटॅक’ वेगळा आहे, वेळेसाठी ‘टाइम अटॅक’ वेगळा, आणि फाटकांतून जात दोन्ही सांभाळायचे असेल तर ‘कॉन्टेस्ट’.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्या विषयाकडे येतो. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. इथे मात्र अंगण खरेच वाकडे असते.

निन्टेन्डो ६४ च्या मूळ कंट्रोलरमधली स्टिक आजच्या कंट्रोलरसारखी नाही. तिच्यात विद्युतरोध बदलणारे भाग नाहीत. स्टिकखाली दोन कमानदार पट्ट्या एकमेकींना आडव्या बसवलेल्या असतात; त्या हलल्या की दातऱ्यांमधून खाचा पाडलेल्या दोन चकत्या फिरतात आणि खाचांतून येणारा अदृश्य प्रकाश मोजून किती हालचाल झाली ते ठरते. म्हणजे मोजणी प्रकाशाने होते आणि ती सहसा बिघडत नाही. झिजतो तो प्लास्टिकचा सांगाडा. स्टिकचे खालचे टोक प्लास्टिकच्या वाटीत घासते, वाटीला खड्डा पडतो, टोक बारीक होते, कमानींतली फट रुंदावते. आत पांढरी भुकटी दिसली तर ती या झिजेची. नव्या स्टिकचा आवाका मधल्या बिंदूपासून प्रत्येक दिशेला साधारण ८० ते ८५ एकक असतो. खूप वापरलेल्या स्टिकचा तो ६० च्या आसपास किंवा त्याहून खाली येतो, आणि मधोमध एक पोकळ हालचाल तयार होते जिचे खेळाला काहीच कळत नाही.

इतर बऱ्याच खेळांत हे खपून जाते, इथे खपत नाही. पोकळ मध्यामुळे अर्ध्या झुकावाचे लांब वळण हाती लागत नाही. काहीच होत नाही, होत नाही आणि मग एकदम जास्त होते. कमी आवाक्यामुळे ऐन वेळी हवे असलेले कडक वळण मिळत नाही. सगळ्यात मोठा घोळ गिरक्यांत होतो. स्टिक गोल फिरवताना कोपऱ्यातल्या तिरप्या दिशा नोंदल्याच गेल्या नाहीत तर नऊ कृतींची साखळी मध्येच तुटते, आणि खेळाडू समजतो आपला क्रम चुकला. खेळ ताठर असल्याची तक्रार जन्मते ती इथे.

सेकंडहँड कंट्रोलर घेताना स्टिक बोटाने हलकेच हलवून पाहा. ती मध्यभागी सैल लोंबत असेल, सोडल्यावर नेमकी सरळ उभी राहत नसेल, तर तो या खेळासाठी निकामी समजा. ‘मारिओ पार्टी’च्या पहिल्या भागात तळहाताने स्टिक गरागरा फिरवायचे खेळ होते, त्यापायी हात सोलवटल्याच्या तक्रारी आल्या आणि अमेरिकेत २००० साली निन्टेन्डोला हातमोजे देऊ करावे लागले. हातांचे जे झाले ते बरे झाले असेल, त्या स्टिकांचे नाही.

दुरुस्ती घरी करता येते. कंट्रोलरच्या पाठीचे स्क्रू साध्या फुलीच्या पेचकसाने निघतात. पाठ उचलताना झेडचे बटण आणि खांद्यावरची दोन बटणे जागची हलतात, म्हणून आधी फोटो काढून ठेवावा. स्टिकचा डबा तीन स्क्रूंवर बसतो. ते काढून छोटा जोडकाप सोडवला की डबा हातात येतो. उघडल्यावर भुकटी कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. मग वाटी, दोन्ही कमानी आणि स्टिक हे चारही सुटे भाग एकदम नवे घालावेत. फक्त वाटी बदलून पैसे वाचवायला गेलात तर झिजलेले टोक नव्या वाटीत पुन्हा डुगडुगते आणि तिलाही लवकर खाते. वाटीत प्लास्टिकला चालणारे सिलिकॉन ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढे पुरे. शिवणयंत्राचे तेल किंवा पेट्रोलियमचे वंगण अजिबात नको; काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होते आणि धूळ चिकटून त्याचीच घासणारी लुगदी बनते. खाचांच्या चकत्यांना आणि प्रकाशाच्या भागांना ग्रीसचा स्पर्शही होऊ देऊ नये, नाहीतर मोजणीच चुकू लागेल.

गेमक्यूबच्या धर्तीवर बनवलेली तयार स्टिक बसवण्याचा सोपा मार्गही पुष्कळ जण घेतात. ती टिकाऊ असते, पण अशा बऱ्याच स्टिक मूळ स्टिकपेक्षा मोठे आकडे पाठवतात. परिणाम उलटा : जरा बोट लावले की बोर्ड आडवा. आवाका कमी-जास्त करायची सोय असलेलीच घ्यावी आणि ती ८० ते ८५ वर आणावी. मूळ स्टिकभोवतीची अष्टकोनी चौकटही उपयोगाची गोष्ट आहे. आठ खाचा अंगठ्याला लागतात म्हणून गोल फिरवताना दिशा न पाहता कळतात.

अजून एक बारीक गोष्ट, जी ठाऊक नसल्यामुळे चांगले कंट्रोलर बाद ठरवले जातात. चकत्या फक्त हालचाल मोजतात, जागा नाही. त्यामुळे कन्सोल सुरू होताना स्टिक जिथे असेल तोच मध्य धरला जातो. सुरू करताना अंगठा चुकून स्टिकवर राहिला तर स्वार आपोआप एका बाजूला ओढला जाईल. स्टिक सोडून एल, आर आणि स्टार्ट एकदम दाबा. मध्य पुन्हा ठरतो.

पडद्याचे थोडक्यात सांगतो. हा कन्सोल २४० ओळींचे सलग चित्र पाठवतो. बरेच नवे टीव्ही त्याला ४८० ओळींचे एकाआड एक चित्र समजून जुळवाजुळव करत बसतात, त्यात चित्र पुसट होते आणि उशीरही होतो. सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबात एका चित्राचा वेळ सुमारे १६.७ मिलिसेकंद, टीव्हीने चार-पाच चित्रांचा उशीर केला तर टेकण्याच्या क्षणी झेड दाबायची वेळ निघून गेलेली असते. जुना काचेच्या नळीचा टीव्ही उत्तम. तो नसेल तर २४० ओळी ओळखणारा रूपांतरक घ्यावा आणि टीव्हीवर गेम मोड चालू करावा. नुसताच एचडीएमआयचे तोंड असलेला स्वस्त रूपांतरक हीच चूक टीव्हीच्या आधी स्वतः करून ठेवतो.

कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये खुपसायची खेळाची डबी, कुठली घ्यावी हा प्रश्न येतोच. जपानी आणि अमेरिकी कार्ट्रिजमध्ये आतला खेळ एकच आहे आणि त्यात इंग्रजी आहे, त्यामुळे जपानी घेतली तर भाषेची अडचण नाही. या दोन प्रदेशांच्या कार्ट्रिज एकमेकांच्या कन्सोलमध्ये जात नाहीत त्या केवळ मागच्या बाजूच्या प्लास्टिकच्या खाचांमुळे. कवच बदलले की काम भागते. युरोपीय कार्ट्रिजचे मात्र तसे नाही, तिच्यातली कुलुपाची चिपच वेगळी असते. खेळ चालू होत नसेल तर कार्ट्रिजमध्ये फुंकर मारू नये, तोंडातला ओलावा धातूच्या पट्ट्यांवर बसतो. कापसाच्या काडीवर ९० टक्क्यांच्या वरचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात.

या खेळाच्या नोंदी कार्ट्रिजमध्येच राहतात, नोंदी साठवणारा वेगळा कंट्रोलर पॅक लागत नाही. त्यामुळे कंट्रोलरची खोबण रम्बल पॅकसाठी मोकळी राहते; त्याला दोन एएए सेल लागतात, आणि कड रुतल्याची थरथर हाताला कळणे ही चैन नसून माहिती आहे. पण नोंदी जपणारी स्मृती एका सीआर२०३२ सेलवर जगते. १९९८चा सेल अजून चालत असेल तर तो आपल्या नशिबाचा भाग. बंद करून पुन्हा लावल्यावर विक्रम पुसलेले दिसले तर तोच संपला आहे. कार्ट्रिज ३.८ मिलिमीटरच्या खास पेचकसाने उघडते (कन्सोलला ४.५ लागतो). मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.५ च्या खाली आला असेल तर वाट पाहू नका. आधीच पट्ट्या जोडलेला नवा सेल आणावा आणि पट्ट्यांनाच डाग द्यावा. सेलच्या अंगावर थेट सोल्डरिंगचे तापलेले टोक टेकवले तर तो फुगू किंवा फुटू शकतो. धन-ऋण बाजू आतल्या सर्किटच्या पाटीवर छापलेल्या असतात, त्या पाहूनच बसवा. जुना सेल काढताच सगळ्या नोंदी जातात, उघडलेले उतार आणि लपलेले स्वारसुद्धा. कार्ट्रिज वाचणारे उपकरण असेल तर आधी प्रत काढून ठेवावी, नसेल तर निदान विक्रमांच्या पडद्यांचे फोटो.

ज्यांना हा सगळा खटाटोप नको त्यांच्यासाठी २०२३च्या डिसेंबरपासून हा खेळ निन्टेन्डो स्विचच्या ऑनलाइन सेवेत, एक्स्पान्शन पॅकच्या सभासदांना मिळतो. सेलची कटकट नाही. फक्त तिथल्या लहान स्टिकला अंगठ्याचा प्रवास कमी मिळतो, म्हणून अर्ध्या झुकावाचा अंदाज नव्याने बसवावा लागतो.

खेळात उणिवा नाहीत असे आम्ही म्हणत नाही. उतार मोजकेच आहेत : क्रिस्टल लेक, क्रिस्टल पीक, गोल्डन फॉरेस्ट, माउंटन व्हिलेज, ड्रॅगन केव्ह आणि डेडली फॉल, शिवाय एअर मेक आणि हाफपाइप. सुरुवातीचे स्वार पाच, बोर्ड आठ. शर्यतीत समोर एकच प्रतिस्पर्धी, त्यामुळे गर्दीची मजा नाही. कपड्यांवर टॉमी हिलफिगरची आणि बोर्डांवर लमारची जाहिरात डोळ्यांत भरते. पण स्वाराचे शरीर पाहा. त्या काळातल्या बहुतेक खेळांत कोपर-गुडघ्यांशी तुकडे जोडल्याच्या रेघा दिसतात. इथे कातडी सलग ताणली जाते आणि जमिनीचा चढ-उतार पाहून पाय स्वतः वाकतात, आधी रचून ठेवलेल्या हालचालींवरच सगळे सोडलेले नाही. मुख्य स्मृती अवघी ४ एमबी आणि कार्ट्रिज १६ एमबीची, हे लक्षात घेतले की दोन प्रोग्रॅमरांनी किती घाम गाळला असेल ते कळते. गोडार्ड यांना तो नाद पुढेही सुटला नाही; २०२१ साली त्यांच्या कंपनीने ऑक्युलस क्वेस्ट या डोळ्यांवर चढवायच्या आभासी वास्तवाच्या उपकरणासाठी ‘कार्व्ह स्नोबोर्डिंग’ काढला, त्यातही भर करामतींपेक्षा कडेवर वळण्यावरच आहे.

आपल्या समीक्षकांना म्हणून एक विनंती. जुन्या खेळावर मत छापताना तो मूळ कन्सोलवर खेळला की नव्या सेवेवर, स्टिक मूळची होती की बदललेली, आणि पडदा कुठला, एवढे एका ओळीत द्यावे. आणि ‘१०८०°’ पुन्हा हाती घेणार असाल तर थेट शर्यतीला न जाता आधी प्रशिक्षणात २४च्या २४ करामती पूर्ण करा. त्याचे बक्षीस म्हणून पेंग्विनच्या आकाराचा बोर्ड मिळतो. त्या बोर्डवरून क्रिस्टल लेक एकदा न पडता उतरलात, की ताठर हा शब्द ठेवायचा की खोडायचा ते आपणच ठरवा.

आपले,
जुने कन्सोल दुरुस्त करून खेळणारे काही वाचक